आपलं घर शेवटी

कोंडशेतात नम्रता नाचरेला कुणी आमदार म्हणत नाही. निवडून आली, दारात गाडी लागली, मागेपुढे माणसं फिरायला लागली, तरी गावात ती अजून सिस्टरच. "सिस्टर आल्या काय मुंबैसून?" असंच विचारतात. आधी तिला याचं फार बरं वाटायचं. आता कुणी सिस्टर म्हणालं की ती खाली बघते. असं का झालं ते सांगायचं तर गेल्या दसऱ्यापासून सुरुवात करायला हवी.

बावीस वर्षं ती आमच्या उपकेंद्राची नर्स होती. उपकेंद्र म्हणजे काही फार नाही हो. दोन खोल्या, पुढे पडवी आणि दारात जांभ्याची एक पायरी, गरोदर बायकांनी बसून बसून गुळगुळीत केलेली. मोठा दवाखाना चौदा किलोमीटरवर, मधे नुसता चढ-उतार. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर आली. तेव्हा सात वाड्यांचं जे काही दुखायचं-खुपायचं ते या पायरीवर यायचं, आणि जे येऊ शकत नव्हतं त्याच्या दारात नम्रता जायची. खांद्याला लसीचा निळा डबा, पायात प्लास्टिकच्या चपला आणि सोबत जनी.

जनी आमच्या वाडीची आशाताई. गरोदर बायांची यादी ठेवायची, त्यांना दवाखान्यात न्यायचं, बाळांना लशीला बोलवायचं, ही तिची कामं. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, वेदिका, तिला जनीनं एकटीनं वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. नम्रता आणि जनी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, तेव्हापासून एकमेकींना 'नमे' आणि 'जने'. भांडायच्याही. नम्रता तापट आणि जनी हट्टी, मग काय विचारता. एकदा एका पोराचं वजन चुकीचं लिहिलं म्हणून नम्रतानं तिला भर पडवीत फैलावर घेतलं, तर जनी आठवडाभर तिच्याशी लसीपुरतंच बोलली. पण वेदिका जन्मली ती नम्रताच्या हातावर. नाळ कापली तीही हिनंच.

आता ही बाई आमदार कशी झाली? तर दोन बड्या माणसांची तिकिटावरून जुंपली. पक्ष कुठला ते मी सांगत नाही, तुम्हाला तरी काय करायचंय. याला द्यावं तर तो रुसतो, त्याला द्यावं तर हा घरी बसतो. तेव्हा कुणीतरी म्हणालं, त्या नर्सबाईंना उभं करा, पडल्या तर पडल्या. दोघांनाही ते पटलं, कारण ती पडेल याची दोघांनाही खात्री होती. पण इतरांकडे मतदारांच्या याद्या होत्या आणि हिला घराघरातली बाळंतपणं पाठ होती. ज्या दारात जाईल तिथं आतून म्हातारी बाहेर यायची आणि म्हणायची, आमच्या ओमीला हिनं वाचवली. निकालाच्या दिवशी दोन्ही बडी माणसं हार घेऊन पहिल्या रांगेत उभी होती.

पण त्याआधीचं एक राहिलं. उभं राहायचं तर सरकारी नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो. दसरा झाला आणि नम्रतानं उपकेंद्राची किल्ली जनीच्या हातात ठेवली. त्या दिवशी पायरीवर वेदिका बसलेली होती, चौथा महिना लागलेला. नवरा मुंबईत, सासर दाभोळकडचं, मुंबईतली खोली चौघांना पुरत नव्हती, म्हणून ती आधीच आईकडे आली होती. पहिलं बाळंतपण तसंही माहेरी. नम्रतानं शेवटचं काम केलं ते तिच्या तपासणीचं. वजन घेतलं, दंडाला पट्टा बांधून बी.पी. बघितलं, रजिस्टरात नोंद केली.

"आता हितं कोण?" जनीनं विचारलं.

"येईल गो दुसरी."

"कवा?"

"मी आणीन. वेदिकेची तारीख शिमग्याच्या आगेमागे आहे ना? त्याच्या आत इथं सिस्टर असेल. माझा शब्द."

जनी हसली. "अजून निवडून नाय आलीस, तवर पुढाऱ्यावानी बोलायला लागलीस." वेदिकाही हसली.

निवडून आल्यावर नम्रतानं पहिल्यांदा पाय धरले ते सासऱ्याचे. भागोजी नाचरे, वय अठ्ठ्याहत्तर, ग्रामदेवीचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे. आमच्याकडे काहीही असो, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, पहिल्यांदा मुंबईला निघालेला मुलगा, सगळं देवीच्या कानावर घालावं लागतं आणि ते सगळ्यांच्या वतीनं एकानं बोलायचं असतं. तो एकेक मागणं मोठ्यानं मांडतो आणि मागे उभी असलेली मंडळी प्रत्येक मागण्याला 'होय महाराजा' म्हणतात. भागोजींचा आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या वाडीतून लोक 'होय' म्हणतील. नम्रताला ते घेऊन गेले, नारळ ठेवला, आणि गाऱ्हाणं झाल्यावर तिला बाजूला घेतलं.

"सूनबाई, आता तू पण गाऱ्हाणं घालणारीच झालीस. माझी पन्नास वर्सं गेली ह्यात. एक सांगतो. बोलणाऱ्यानं आपलं घर शेवटी घ्यायचं. आधी परगावचे, मग दुसऱ्या वाड्या, मग शेजारी. आपली पाळी आली की फक्त म्हणायचं, आमचं तुला ठाऊक आहे. बस. आपलं आधी मागितलंस की मागं उभे असणारे होय म्हणायचे बंद होतात."

तिला ते पटलं. तिला काय, मलाही पटलं असतं. आमच्या गावात लहानपणापासून तेच ऐकलेलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी आपलं ताट शेवटी मांडतो, त्यातलाच प्रकार.

डिसेंबरात अधिवेशन आलं. एवढ्या मोठ्या सभागृहात पहिल्यांदा उभं राहायचं म्हणून तिनं आठ दिवस तयारी केली. वहीत अकरा मागण्या लिहून काढल्या. पहिली एका वाडीच्या ओढ्यावरच्या साकवाची, म्हणजे छोट्या पुलाची, दुसरी खाडीकाठच्या बंधाऱ्याची, अशा करत अकरावी: कोंडशेत उपकेंद्र, परिचारिकेचे पद रिक्त. बोलायला तीन मिनिटं मिळाली. सातव्या मागणीला घंटा झाली, नवव्या मागणीला दुसरी. "सन्माननीय सदस्यांनी उरलेलं पटलावर ठेवावं," वरून आवाज आला आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. ती खाली बसली. शेजारची एक जुनी आमदार बाई म्हणाली, "छान बोललात. पहिल्या भाषणात स्वतःच्या गावाचं नाव न घेणारी मी तुम्हालाच बघितली." नम्रताला याचा अभिमान वाटला. पुढे तिनं मला हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि सांगताना कपाळावर हात मारून घेतला.

आमदारकी म्हणजे काय असतं ते तिला हळूहळू कळत गेलं. सकाळी सात वाजता पडवीत चाळीस माणसं. कुणाला बदली हवी, कुणाला बदली नको. तेराव्याला या, बारशाला या, क्रिकेटच्या सामन्याचं नाणं उडवायला या. ओमकार नावाचा एक हुशार मुलगा तिनं कामाला ठेवला, तो सगळे फोन घ्यायचा आणि एका डायरीत क्रमानं लिहायचा. पूर्वी तिचा फोन तिच्या एप्रनच्या खिशात असायचा, आता ओमकारच्या. जनी येऊन मागे उभी राहायची, गर्दी बघायची आणि निघून जायची. कधी नजरानजर झालीच तर नम्रता लांबूनच बोटांनी खूण करायची, थांब, बोलते. बोलणं व्हायचं नाही.

जानेवारीत रत्नागिरीला बैठक होती. बैठकीनंतर आरोग्य खात्यातले एक साहेब जवळ आले. माणूस भला. "मॅडम, बदल्यांमध्ये एक सिस्टर मोकळी होतेय. एकच आहे. तुमच्या मतदारसंघात नऊ उपकेंद्रं रिकामी. कोंडशेतला देऊ? तुमचंच आहे म्हणून आधी विचारतोय."

नम्रताच्या मनात वेदिका आली. सातवा संपत आलेला. चिपळूणला सोनोग्राफी झाली होती, सगळं ठीक होतं. तोंडाशी 'द्या' आलं होतं, तिनं मला शपथेवर सांगितलंय. पण साहेबांच्या मागे कुंभाडचा सरपंच अर्ज घेऊन उभा होता. कुंभाड हे पोफळी गावाच्या वर, डोंगरात. तिथं पाच वर्षांत नर्स टिकली नव्हती. आजूबाजूला आणखी सात-आठ माणसं, सगळ्यांचे कान इकडे. त्या दोन बड्या माणसांतला एक तर खुर्ची ओढून जवळच बसला होता, बाई काय करते बघू, म्हणून. आणि हिला सासऱ्याचे शब्द आठवले.

"कुंभाडला द्या," ती म्हणाली. "आमचं शेवटी."

सरपंच रडायलाच लागला. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. त्या बड्या माणसानं खुर्ची मागे सरकवली. परतताना गाडीत नम्रतानं ओमकारला बजावलं, "ही गोष्ट गावात बोलायची नाही. पेपरात नाही, मोबाइलवर नाही." का, ते तिनं सांगितलं नाही. सांगायला हवं असंही नाही. दुसऱ्या दिवशी जनी दारात आली तेव्हा नम्रता तिला म्हणाली, "प्रयत्न चालू आहे गो. शिमग्याच्या आत येईल." बावीस वर्षांत जनीशी ती पहिल्यांदा खोटं बोलली.

"होईल तवा होईल," जनी म्हणाली. "माझं काय घाईचं नाय."

फेब्रुवारीत, एका गुरुवारी, वेदिकाच्या पायांना सूज आली. आठवा लागलेला. शेजारणी म्हणाल्या, दिवस भरत आले की पाय सुजतातच. जनीनंही शेकडो पाय बघितले होते. पण मन मानेना, म्हणून तिनं फोन लावला. नम्रता मुंबईत एका समितीच्या बैठकीत होती. फोन ओमकारनं घेतला.

"काय नाय रे," जनी म्हणाली. "पोरीचे पाय सुजलेत, तेवढं विचारायचं होतं. सवड झाली की सांग. आधी लोकांची कामं होऊ देत."

ओमकारनं डायरीत लिहिलं, तेविसावा निरोप. दोष त्याला देऊ नका. ज्यानं 'सवडीनं' सांगितलं त्याचा निरोप त्यानं सवडीच्या यादीत घातला, यात त्या मुलाचं काय चुकलं? त्या दिवशी नम्रता सतराव्या निरोपापर्यंत पोचली, शुक्रवारी नवी यादी सुरू झाली. जनीनं सोमवारची एसटी ठरवली, कारण मोठ्या दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी सोमवारी असते.

शनिवारी सकाळी वेदिका पडवीत बसून वेणी घालत होती. डोकं ठणकतंय म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे दिसतात म्हणाली. जनी आत पाणी आणायला गेली, बाहेर येते तो वेदिका आडवी, अंग ताठ, दातखिळी बसलेली. बी.पी. वाढून झटके आले होते. अँब्युलन्स यायला सव्वा तास, पुढे घाटातून चिपळूण गाठायला आणखी दीड. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून बाळ काढलं, मुलगी, दोन किलोची, जिवंत. वेदिका दुपारी गेली.

एकवीस वर्षांची होती हो. काय बोलायचं.

नम्रताला बातमी कळली तेव्हा तिनं गाडी काढायला लावली. महाडच्या पुढे आल्यावर विचारलं, "जनीचा फोन कधी आला होता?" ओमकारनं डायरी उघडली, पानं उलटली आणि डायरी तशीच तिच्या हातात दिली. 'कोंडशेत, जनीताई. मुलीचे पाय सुजलेत. घाई नाही.' बावीस वर्षांत असे पाय दिसले की नम्रता जागेवर खाली बसायची, आधी पट्टा बांधायची आणि मग बोलायची. पाय सुजलेत हे दोन शब्द तिच्या कानावर पडले असते, तर तिनं बैठकीतून उठून ओरडून सांगितलं असतं, आत्ताच्या आत्ता गाडी कर. हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती रडू शकत नव्हती. सगळ्या रस्त्याभर तिनं ते पान उघडं धरून ठेवलं.

जनीच्या अंगणात माणसं बसली होती. आमदारांची गाडी आली म्हणून सगळी उठून उभी राहिली. नम्रताला त्याचीच लाज वाटली. जनी भिंतीला टेकून बसली होती. नम्रता तिच्यासमोर मातीत बसली, तिचे हात हातात घेतले. जनीनं हात सोडवून घेतले नाहीत. पण ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, चहा घ्या. लांबनं आलात."

मॅडम. नमे नाही, सिस्टर नाही. जनी काही टोमणा मारत नव्हती, तिचा तो स्वभावच नाही. गावात मोठं माणूस आलं की म्हणतात तसं म्हणाली. नम्रतानं चहा घेतला आणि कप तसाच भरलेला खाली ठेवला.

निघताना तिनं उपकेंद्राची किल्ली मागितली. एकटीनं दार उघडलं. चार महिन्यांची धूळ, कपाटावर पालीची लेंडकं. रजिस्टर तिथंच होतं. शेवटची नोंद तिच्याच अक्षरात: वेदिका, पहिली खेप, चौथा महिना, वजन चव्वेचाळीस, बी.पी. एकशे दहा सत्तर. पुढे पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या महिन्याचे रकाने तिनंच पट्टीनं आखून ठेवलेले. सगळे कोरे. आणि कपाटात, खालच्या कप्प्यात, बी.पी.चं मशीन डब्यात नीट घालून ठेवलेलं. जनीच्या घरापासून दीडशे पावलांवर. जनीला ते लावता येत नव्हतं. बावीस वर्षांत नम्रतानं तिला कधी शिकवलं नाही, कारण नम्रता होतीच की. मग मात्र ती त्या पायरीवर बसून रडली. गाडीतली माणसं पाठ करून उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यात कोंडशेतला सिस्टर आली. आरोही नाव, एकवीस-बावीस वर्षांची, वेदिकाच्याच वयाची. एका फोनात आली. त्याच साहेबांनी दुसरीकडची एक नेमणूक फिरवली. "आता कुणी नावं ठेवणार नाही, मॅडम," असं ते फोनवर म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता, वाईट हेतू नव्हता. नम्रतानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली.

भागोजींनी ते पाहिलं. म्हातारा येऊन उंबऱ्यात उभा राहिला. मग तिथंच खाली बसला.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी तुला देवळातली रीत दिली. देवीला आपलं न सांगता ठाऊक असतं, म्हणून तिथं आपलं शेवटी चालतं. सरकारला कुठं काय ठाऊक असतं? त्याला सांगावं लागतं. एवढं म्हाताऱ्याला कळायला हवं होतं."

"आबा, कुंभाडलाही नर्स नव्हती," नम्रता म्हणाली. "तिथं पण बाया आहेत."

"हायत की."

"मग मी काय करायला हवं होतं?"

याचं उत्तर मलाही येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही द्या. पण एक मात्र होतं, ते नम्रतालाही कळत होतं आणि तेच तिला खात होतं. कुंभाडला दिली ते एक वेळ ठीक. पण तसं जनीला सांगितलं असतं, तर जनीनं शिमग्याची वाट बघितली नसती. दर पंधरा दिवसांनी पोरीला एसटीत घालून दवाखान्यात नेली असती. जनी नम्रताच्या शब्दावर थांबली होती. आता हे तिला सांगायचं कसं? सांगितलं तर दुःखावर डागण्या दिल्यासारखं, न सांगावं तर रोज तिच्या डोळ्याला डोळा देणं नाही. नम्रता दोनदा जनीच्या अंगणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, गेली आणि दोनदा मागे फिरली.

मार्चात शिमगा आला. मुंबईकर उतरले, देवीची पालखी घरोघर निघाली. पालखी अंगणात आली की घरातली बाई ओटी भरते आणि भागोजी त्या घराचं गाऱ्हाणं घालतात. अधिवेशन चालू होतं, तरी नम्रता दोन दिवसांसाठी आली होती. सून म्हणून ती पालखीबरोबर चालत होती, डोक्यावर पदर घेऊन. संध्याकाळी चारच्या सुमाराला पालखी जनीच्या अंगणात टेकली. सुतक केव्हाच फिटलं होतं. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. जनीच्या हातात वेदिकाची मुलगी, सव्वा महिन्याची. सासरच्यांनी सध्या आजीकडेच ठेवली होती.

ढोल थांबले. भागोजी पुढे झाले, हात जोडले.

"हे माउली, आज ही जनी तुझ्या पायाशी उभी आहे."

"होय महाराजा," मंडळी म्हणाली.

"तिनं ओटी भरली आहे, ती गोड मानून घे."

"होय महाराजा."

"तिच्या घरातल्या लेकीबाळी..." भागोजी म्हणाले, आणि तिथंच अडले. पन्नास वर्षं प्रत्येक दारात हेच शब्द म्हणत आलेले, जिभेवर बसलेले. लेकीबाळी सुखी ठेव. पुढचा शब्द निघेना. कुणी खोकलं, कुणी मान खाली घातली. गाऱ्हाणं अर्धवट ठेवता येत नाही आणि दुसऱ्या कुणी पुढं व्हायची रीत नाही.

जनी दोन पावलं चालत आली. नम्रता तिला सगळ्यांत जवळ होती. जनीनं बाळ तिच्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि पालखीसमोर उभी राहिली. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं आमच्याकडे. कुणी तिला अडवलं नाही.

"माउली," जनी म्हणाली. आवाज बारीक, पण स्वच्छ. "कुंभाडात सिस्टर गेली. तितल्या पोरी सुखरूप बाळंत होऊ देत."

"होय महाराजा."

कुंभाड. जनीला माहीत होतं. कधीपासून, तेही नम्रताला नंतर कळलं. जानेवारीच्या अखेरीला आशाताईंच्या बैठकीत कुंभाडच्या आशानं सगळ्यांना पेढे वाटले होते, तुमच्या मॅडमनी आपलं सोडून आम्हाला सिस्टर दिली म्हणून. जनीनं तो पेढा खाल्ला होता. घरी येऊन ती कुणाला काही बोलली नव्हती. आणि तरीही नम्रतानं दिलेल्या शब्दावर ती थांबली होती, कारण नमी म्हणाली होती, शिमग्याच्या आत येईल.

"त्या सिस्टरची बदली होऊ देऊ नको. डोंगरात राहते, तिला काय कमी पडू देऊ नको."

"होय महाराजा."

"माझ्या जावयाला मुंबैत सांभाळ. पोरगं एकटं पडलंय."

"होय महाराजा."

"नमी आमदार झाली हाय. तिच्या हातून लोकांची कामं होऊ देत. तिला यश दे."

"होय महाराजा."

जनी थांबली. पालखीतल्या देवीच्या मुखवट्याकडे तिनं बघितलं, मग नम्रताच्या हातातल्या बाळाकडे.

"आणि आमचं," ती म्हणाली, "आमचं तुला ठाऊक आहे."

सगळं अंगण एका आवाजात होय महाराजा म्हणालं. भागोजी म्हणाले, मुंबईकर म्हणाले, मागे उभी असलेली आरोही सिस्टरही म्हणाली. नम्रतानंही तोंड उघडलं. वेदिकाची मुलगी तिच्या हातावर झोपली होती. ते दोन शब्द काही तिला म्हणता आले नाहीत.